आबांच्या चेहऱ्यावरची फुली

जस्ताच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, मशीनखाली त्याचे मोजके छापे काढायचे आणि ठरलेले निघाले की खिळ्यानं पत्र्यावर फुली ओढायची, हा आमच्या धंद्याचा रिवाज. पुन्हा कुणी छापू नये म्हणून. मुंबईहून शिकून आलो तेव्हा असल्या रिवाजांचा मला कोण माज होता!

देवपुरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. शाळेत चित्रकला शिकवायची आणि उरलेल्या वेळात हे उद्योग. आबा, म्हणजे माझे वडील, शिंदखेड्याकडून एसटीनं यायचे, शेंगा आणि भाकरीसाठी कळण्याचं पीठ घेऊन. 'चित्रं काढून पोट भरतं का,' म्हणणारा हा माणूस एकदा ऐन वेचणीत कापूस सोडून चार दिवस चित्रासाठी माझ्यासमोर मुकाट बसला. जन्मात कधी फोटोला उभा न राहिलेला! मला तर आभाळ ठेंगणं झालं.

दहा छापे काढले. दहावा वाळत टाकला आणि लगेच पत्र्यावर फुली ओढली, पार कपाळापासून हनुवटीपर्यंत. आबा मागे उभे आहेत हे ध्यानातच नाही.

"मी मरी गवू का रे?" ते म्हणाले.

मी आपली अक्कल पाजळली. दहाच असले की किंमत राहते, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आम्ही तर पेराले बियानं राखी ठेवतस," एवढंच बोलून टोपी घातली. जेवून तरी जा म्हटलं, थांबले नाहीत. पुढे कितीदा विनवलं, पण परत बसले नाहीत ते नाहीतच.

छापे सगळे मुंबईत खपले. एक घरी ठेवावा, हे या दीडशहाण्याला सुचलं नाही. आबा गेले तेव्हा भिंतीवर लावायला घरात साधा फोटोसुद्धा नव्हता. शेवटी तोच पत्रा काढला, शाई भरली आणि छापला. फुलीसकट. रडत होतो, खोटं कशाला सांगू.

गावी नेऊन मायच्या हातात दिला. तिनं तो उजेडात धरला. मग पदराचं टोक ओलं करून त्या रेघा पुसायला लागली.

"हाई काय लागनं यास्ना तोंडले? पुसातच नई."

त्या पुसल्या जाणार नाहीत, मीच ओढल्यात, हे मी कसंबसं सांगितलं.

तिचा हात थांबला. "तुन्हा हातन्या रेघा शेतस ना," ती म्हणाली, "मंग ऱ्हाऊ दे."