फांदीऐवजी झाड

माझा राग नाकावर असतो, हे माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं आणि सासरी आठवडाभरात कळलं. त्या रागापायी मी भांडी आपटली, अबोले धरले, एकदा शिवून झालेला ब्लाउज शिंप्याच्या दुकानातच टाकून आले. ते सगळं निस्तरता आलं. जांभळाचं झाड मात्र निस्तरता येत नाही.

नाशिक रोडच्या आमच्या घराच्या अंगणात, कुंपणाच्या भिंतीलगत ते होतं. ह्यांनी लावलेलं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला असताना त्यांनी ते रोप गावाहून, इगतपुरीकडून, तेलाच्या पत्र्याच्या डब्यात घालून एसटीनं मांडीवर आणलं होतं. पाळी संपवून आले की आधी झाडाला पाणी, मग चहा. "रिटायर झालो की ह्याच्याखाली बसून निवांत पेपर वाचीन," म्हणायचे. रिटायर झाल्यावर खरंच खुर्ची टाकून बसायला लागले.

गेल्या वर्षी चैत्रात शेजारची सून आली. "काकू, आमच्या बाजूला आलेली ती फांदी तेवढी छाटाल का? नवी गाडी घेतलीय, जांभळाचे डाग निघत नाहीत हो." बोलली गोडच. पण त्या दिवशी माझी कंबर धरली होती, कामवाली आली नव्हती, आणि डागांचं ऐकून ऐकून मी विटले होते. म्हटलं, "फांदीच कशाला? झाडच काढून टाकते." ती बिचारी "अहो काकू, तसं नाही" म्हणत राहिली आणि मी दार लावून घेतलं.

मग बोलले ते मागं कसं घेणार? ह्यांना विचारलं. म्हणाले, "बघ, तुला काय वाटतं ते." पस्तीस वर्षांच्या संसारात ह्या वाक्याचा अर्थ 'नको' असाच होत आला आहे. मी तेव्हा तो सोयीनं 'हो' असा घेतला. परवानगीही रीतसर काढली. अर्जात लिहिलं, मुळांमुळं भिंतीला तडा गेलाय. तडा खरा होता, कारण खोटं होतं.

वैशाखात झाड पडलं तेव्हा हिरव्या जांभळांचे घोस लगडले होते. तोडणारा म्हणाला, "बाई, लय भरलंय हो. महिनाभर थांबायचं होतं." हे आत बसले होते. टीव्हीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

फांद्या तोडणाऱ्यांनी नेल्या. खोड अंगणात राहिलं. वखारवाला जळणाला मागायला आला, त्याला मी फाटकातूनच परत पाठवलं. जांभळाच्या लाकडानं पाणी चांगलं राहतं म्हणून गल्लीतल्या लोकांनी टाकीत टाकायला ढलप्या नेल्या. शेजारची सूनही आली. "मी फांदीच म्हटलं होतं, काकू," एवढंच बोलली. तिच्यावर राग काढायची सोय होती, पण ह्या वेळी तो आलाच नाही.

"खोडाचं काय करायचं?" मी दर चार दिवसांनी ह्यांना विचारायची. झोपाळ्याची फळी करू? "बघ." देवघरात पाट? "बघ." त्या लाकडाचं काही चांगलं झालं तर माझी चूक थोडी हलकी होईल, असं मला वाटे. खरं तर मला त्यांच्या तोंडून 'झालं ते झालं' ऐकायचं होतं. ते काही बोलले नाहीत, भांडलेही नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं.

शेवटी मी सुतार बोलावला. लाकूड वाकेल, म्हणून त्यानं ते चिरून थंडीभर वाळत ठेवलं आणि यंदा होळीनंतर बाकडं करून दिलं. चांगलं लांब, पाठीला टेकायला फळी असलेलं. झाड होतं तिथंच ते ठेवून घेतलं. हे दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर घेऊन तिथं बसले, आणि मला इतकं बरं वाटलं की मी चहा तिकडेच नेला.

साडेआठला ऊन आलं. इतक्या महिन्यांत ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. बाकडं होतं, सावली नव्हती. हे बाकड्याच्या टोकाला सरकले. तिथं शेजारच्या घराची हातभर सावली उरली होती. तेवढ्या जागेत अंग चोरून बसले आणि पेपर वाचत राहिले.

मी कप हातात घेऊन तशीच उभी. "चुकलं माझं," मी म्हणाले. वर्षभर खोडाचं विचारत राहिले, पण 'चुकलं' असं मी पहिल्यांदाच म्हणत होते.

त्यांनी पेपराची घडी घातली. "उभी का? बस," म्हणाले, आणि सावलीतली जागा मला देऊन स्वतः उन्हात सरकले.