आक्कांच्या चित्रावरचा डाग

परवाच्या रविवारी होटगीला नणंदेकडे गेले होते... काखेत जुन्या साडीत गुंडाळलेली फ्रेम. रिक्षावाल्याने विचारलं, "देव हाय का आत?" म्हटलं, "नाही, मेंढरं आहेत."

फ्रेममध्ये आमच्या ह्यांनी केलेलं छापचित्र आहे. हे चादरीच्या कारखान्यात डिझाइनं काढायचे आणि सुट्टीच्या दिवशी घरी लिनोलियमच्या, म्हणजे फरशीवर अंथरतात तसल्या रबरासारख्या शीटच्या, तुकड्यावर चित्र कोरत बसायचे. कोरून झालं की त्यावर शाई, शाईवर कागद, आणि मग कागद मागून घासायचा... घासायला माझी स्टीलची भातवाढी. त्यावरून आमची किती भांडणं झाली असतील.

मेंढरांच्या बारा प्रती काढल्या आणि मग पुन्हा छापता येऊ नये म्हणून त्या कोरलेल्या ठशावर आडव्या रेघा ओढून तो बाद केला. एक घरात ठेवली, बाकीच्या नातेवाइकांना लग्नात, वास्तुशांतीला आहेर म्हणून वाटल्या. सोलापूरचा माणूस, त्यात चादरीच्या कारखान्यातला, आणि आहेरात काळा कागद देतो... लोक तोंडावर काही बोलले नाहीत, एवढंच.

प्रत्येक चित्राखाली पेन्सिलने आकडा आहे. माझ्यावर ९/१२, आक्कांच्यावर ३/१२. आक्का म्हणजे हीच होटगीची नणंद, ह्यांची थोरली बहीण. त्या कायम म्हणायच्या, "दत्तानं सोताच सोताला बारापैकी तीन मार्क दिल्यात. नापास झालेलं मला दिलं की!" हे नुसते हसायचे, समजावून सांगायचे नाहीत.

मलाही खरं कळलं ते हे गेल्यावर, वाचनालयातून छापचित्रांवरची पुस्तकं आणून वाचली तेव्हा. बारातली ही तिसरी, एवढाच त्याचा अर्थ. आणि ह्यात एक अस्सल नि बाकीच्या नकला असं नसतं... बाराही अस्सल.

आता आक्कांकडे रंगकाम निघालं. फ्रेम उतरवताना काच फुटली आणि त्यांचा फोन आला. "सुनंदा, माझ्या कागदावर पहिल्यापासून काळा डाग हाय. तुझा चांगला हाय. बदलून दे की. हितं चार माणसं येत्यात, तितं तू एकटीच बघणार." एकटीच... त्या सहज बोलल्या. मी देते म्हटलं.

होटगीला पोचल्यावर दोन्ही चित्रं आक्कांच्या पलंगावर शेजारी ठेवली. आक्कांना म्हटलं, जरा मागे सरकून बघा. उजाड माळ, एक बाभूळ, आणि तिच्या सावलीत एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी असलेली मेंढरं.

"ही मेंढरं व्हय? मला इतकी वर्षं ढेकळंच वाटली!" मग हळूच म्हणाल्या, "आबांची हायेत गं." आबा म्हणजे माझे सासरे. त्यांनी जन्मभर मेंढरं राखली.

शेजारी ठेवल्यावर मलाही पहिल्यांदाच दिसलं की दोन्ही चित्रं सारखी नाहीत. आक्कांच्यात काळा रंग दाट बसलाय. माझ्यात बाभळीखाली थोडा विरळ आहे आणि तिथे भातवाढी गोल गोल फिरल्याची वळणं दिसतात.

मग तो डाग बघितला. काच नव्हती म्हणून आता स्पष्ट दिसला. खालच्या कोऱ्या कडेला, कोपऱ्यात... अंगठा होता. बारीक बारीक रेषा आणि त्यांना छेदून गेलेली एक तिरकी पांढरी फट. ह्यांच्या उजव्या अंगठ्यात एकदा कोरायचं हत्यार घुसलं होतं. त्याचीच ती खूण.

"मग हे ठेवू न्हवं मी?" आक्का माझं चित्र हातात घेऊन विचारत होत्या. मी फक्त हो म्हणायचं होतं... त्या खुशीने डागाळलेलं देणार होत्या. ह्यांचे कपडे देऊन टाकले, चष्मा देऊन टाकला. पण अंगठा कुठे मिळतो? हो म्हणावं असं फार वाटलं.

पण आक्कांनी ह्यांना कडेवर वागवलंय.

"आक्का, तो डाग नाही. ह्यांचा अंगठा आहे. ती तिरकी खूण बघा."

त्यांनी चष्मा लावला, वाकल्या. मग आपला अंगठा पदराला पुसला आणि त्या ठशावर अलगद टेकवला.

"माझ्यापेक्षा मोटा झाला की गं ह्याचा..."

मी विचारलं, "मग, बदलायचं?"

"उचल तुझी मेंढरं," आक्का म्हणाल्या. "आन् जेवल्याबिगर जाऊ नको."

घरी येऊन माझी फ्रेम परत खिळ्याला लावली. आता जेवताना नजर पहिल्यांदा बाभळीखालच्या विरळ जागेवर जाते.

भातवाढी अजून वापरात आहे. दांड्याच्या जोडाशी शाईचा काळा ठिपका राहिलाय, इतकी वर्षं घासूनही गेला नाही. आता तिथे घासत नाही.