त्या रविवारी बक्षीस कोणी घेतलं?

भुताखेतांच्या गोष्टी सांगायला कोणी घरी आलं, तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावणारी बाई आहे. उपास मी करते, पण तो वजनासाठी. त्यामुळे गूढ अनुभवांच्या या सदरात मी काही लिहीन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण ही गोष्ट पोटात ठेवून आता पंचवीस वर्षं तरी झाली आणि ती पचत नाही… म्हणून लिहितेय.

नव्वदच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. आम्ही तेव्हा लखनौला, अलीगंजमध्ये राहत होतो. हे बँकेत, मी घरी, धाकटी नणंद वर्षा शाळेत शिकवायची, आणि माझे सासरे. त्यांना आम्ही सगळेच बाबा म्हणायचो. बाबा मूळ अमरावतीचे, रेल्वेतून रिटायर झालेले. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे आले ते कायमचेच. त्यांना नाटकाचं भारी वेड. मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांचं काम बघून एका सीरियलवाल्यानं त्यांना उचललं. लखनौतच शूटिंग, तेरा भागांची मालिका, आणि बाबांना काम कोणतं? तर अफीम खाणाऱ्या मुनीमजीचं! वऱ्हाडी वळणाची ती हिंदी लोकांना इतकी आवडली, की सब्जीवाला भैयासुद्धा ‘मुनीमजी, आज पालक ले जाइए’ म्हणायला लागला. बाबा पालक नको असतानाही घेऊन यायचे.

त्या हिवाळ्यात गावातल्या एका सांस्कृतिक संस्थेच्या फिल्म आणि टीव्ही पुरस्कारांत बाबांचं नाव आलं – सहायक अभिनेता म्हणून, चार नावांत एक. समारंभ दरवर्षी निशातगंजच्या पुढच्या एका हॉलमध्ये व्हायचा. आता या संस्थेची एक रीत होती. बक्षीस ज्याला मिळणार त्याला आदल्या दिवशी गुपचूप फोन यायचा, नाहीतर मोठे कलाकार यायचेच नाहीत. ही रीत सगळ्या लखनौला ठाऊक. ज्याला फोन नाही, त्यानं समजून जायचं. बाबा म्हणायचे, “फोन आला तर जाईन बुवा. नाहीतर तिथं टाळ्या वाजवायला कोण जातो?” आणि मग आठवडाभर फोनच्याच खोलीत पेपर वाचत बसायचे. तोच पेपर पुन्हा पुन्हा.

फोन आला. शनिवारी दुपारी. आणि नेमके बाबा तेव्हा गच्चीवर उन्हात बसले होते.

संस्थेचे सक्सेनाजी बोलत होते. “भाभीजी, मुबारक हो. बाबूजी का ही है. कल छह बजे तक ले आइएगा, और किसी से कहिएगा मत.”

“जी, बता दूँगी,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

आणि नाही सांगितलं.

कारण सांगते, मग हवं तर शिव्या घाला. त्याच रविवारी पाच वाजता कानपूरहून वर्षाला बघायला येणार होते. वर्षा एकोणतीस वर्षांची. लखनौ-कानपूरमध्ये मराठी स्थळं मिळून मिळणार किती? आधीची दोन फिसकटलेली. मुलाच्या वडिलांनी पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की मुलीच्या वडिलांशीच बोलू. यांना बँकेनं त्याच आठवड्यात गोरखपूरला पाठवलेलं. म्हणजे घरात पुरुषमाणूस एकटे बाबा. आणि फोनचं कळलं असतं तर बाबा थांबले नसते, हे मला पक्कं माहीत होतं. शिवाय… खरं बोलायला बसलेच आहे तर तेही लिहिते. मुलीचे वडील टीव्हीवर अफीमबाजाचं काम करतात, हे त्या लोकांना कळू नये असं मला वाटत होतं. मला लाज वाटत होती त्या कामाची. बक्षीस काय, सोमवारी जाऊन आणता येईल, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

रविवारी सकाळी बाबांनी एकदाच विचारलं, “काल कोणाचा फोन नव्हता ना गं नीता?”

“नाही बाबा.”

“बरं,” म्हणाले आणि दाढी करायला गेले.

पाहुणे आलमबागला बसमधून उतरून टेम्पोनं साडेपाचला पोचले. मी बाबांना निळा हाफ स्वेटर घालायला लावला होता. त्याचं वरचं बटण तुटलेलं, ते मी दुपारी घाईघाईत शिवलं. घरात निळं नव्हतं म्हणून तपकिरी लावलं. बाबा साडेपाचपासून साडेआठपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर होते, वेताच्या खुर्चीत. एकदाही उठले नाहीत. पोहे खाल्ले, मुलाच्या वडिलांशी अमरावतीच्या गप्पा मारल्या, देण्याघेण्याचं काही नाही हे दोन वाक्यांत मिटवलं. सात-सव्वासातच्या सुमाराला जरा गप्प झाले एवढंच. मी कपबशा उचलत होते. म्हटलं, दमले असतील. पाहुणे गेल्यावर म्हणाले, “पाय फार दुखताहेत गं. उभं राहून राहून भरून आलेत.” मी म्हटलं, “बाबा, तुम्ही तर बसूनच होता की!” ते स्वतःशीच हसले. “हो की. म्हातारपण, दुसरं काय.”

सोमवारी सकाळी सक्सेनाजींचा पुन्हा फोन. मला वाटलं, आता रागावणार. मी माफीची वाक्यं जुळवूनच ठेवली होती.

“भाभीजी, बाबूजी कल खाना खाए बिना ही चले गए. ये कोई बात हुई?”

मी म्हटलं, कुठून?

“हॉल से, और कहाँ से! इनाम लिया, दो शब्द कहे, और हम लोग ढूँढ़ते रह गए. क्या बोले हैं, भाभीजी… आधा हॉल रो रहा था.”

बाबा आत दाढीचं पाणी मागत होते. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन तसाच ठेवला.

आधी वाटलं, दुसऱ्याच कोणाला तरी देऊन बसले असतील. चार दिवसांनी निशातगंजला गेले. समारंभाचं शूटिंग ज्यानं केलं होतं त्याचं तिथं दुकान होतं. त्याला म्हटलं, आमच्या बाबूजींचा भाग बघायचाय. त्यानं कॅसेट लावली.

बाबाच होते. निळा स्वेटर, आणि वरचं बटण तपकिरी. पायांत घरातल्या रबरी चपला. कोणीतरी त्यांच्या हातात ट्रॉफी दिली, त्यांनी ती छातीशी धरली आणि माइकसमोर उभे राहिले. म्हणाले, “मैं तो रेलवे का आदमी हूँ, आप लोगों ने कलाकार बना दिया. मेरी बहू भी आती, पर आज घर में मेहमान हैं. उस पर बहुत काम आ पड़ा है. उससे कोई नाराज मत होना.”

मी त्या दुकानात स्टुलावर बसून रडले. दुकानदाराला वाटलं, आनंदानं. त्यानं पाणी दिलं आणि कॅसेटची कॉपीही करून दिली.

ट्रॉफीसाठी मी सगळं घर पालथं घातलं. माळा, ट्रंका, बाबांची बॅग… काही नाही. सक्सेनाजी शपथेवर सांगायचे की ती घेऊनच बाबूजी पायऱ्या उतरले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण वर्षाचं जमलं, साखरपुडा झाला, लग्न झालं, आणि मी आज सांगते, उद्या सांगते करत राहिले. यांना सांगितलं तर हे म्हणाले, “कोणीतरी सारखा दिसणारा असेल, डोक्यातून काढ.” बाबांना पुढे काम मिळालं नाही. दर हिवाळ्यात समारंभाची बातमी आली की पेपर घडी करून ठेवायचे. कोणी बक्षिसाबद्दल अभिनंदन केलंच तर ती चेष्टा समजायचे आणि म्हणायचे, “नाव आलं होतं एकदा. फोन नाही आला.” त्यात तक्रारीचा सूरही नसायचा. मी स्वयंपाकघरात असले तर नळ सोडून द्यायचे, मला ते ऐकू येऊ नये म्हणून.

तीन वर्षांनी बाबा आजारी पडले. आता फार दिवस नाहीत हे आम्हाला कळलं होतं, बहुतेक त्यांनाही. एका दुपारी हे बँकेत गेल्यावर मी त्यांच्या पलंगापाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. शनिवारचा फोन, माझं खोटं, माझी लाज, सगळं. पाय धरले.

बाबांनी माझे हात पायांवरून बाजूला केले. मग म्हणाले, “वेडी आहेस. मरणाऱ्याला बरं वाटावं म्हणून असलं काहीबाही रचायचं असतं का?”

मी म्हटलं, बाबा, खरं आहे. दाखवते. भाड्यानं व्हीसीआर आणला, कॅसेट लावली, उशा लावून त्यांना बसवलं. त्यांनी चष्मा पुसून अगदी लक्ष देऊन बघितलं. माइकवरचं बोलणं संपेपर्यंत डोळे हलवले नाहीत. मी वाट बघत होते की आता रागावतील, मला खोलीबाहेर हो म्हणतील. रागावले असते तर फार बरं झालं असतं हो.

“चांगला बोलला माणूस,” बाबा म्हणाले. “पण हा मी नव्हे, नीता. मी त्या दिवशी घरी होतो. वर्षाला बघायला आले होते ना?”

“पण बाबा, चेहरा बघा, आवाज ऐका…”

“असेल सारखा. जगात काय कमी माणसं आहेत?” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “उगाच जीवाला लावून घेऊ नकोस. मला मिळालं असतं ना, तर मीही तिथं तुझंच नाव घेतलं असतं.”

आठ दिवसांनी बाबा गेले.

कॅसेट नंतर कितीतरी जणांना दाखवली, शनिवारच्या फोनचं मात्र कोणाला सांगितलं नाही. कोणी म्हणतं ट्रिक आहे, कोणी म्हणतं त्यांचा जीव तिकडे गेला असेल. मला कळत नाही. त्या संध्याकाळी त्या हॉलमध्ये कोण गेलं, माझ्या घरी पाहुणे आहेत हे त्याला कोणी सांगितलं, ट्रॉफी कुठे गेली, कशाचाच उलगडा मला आजपर्यंत झालेला नाही. एवढंच माहीत आहे की बाबांना बक्षीस मिळालं, सगळ्या लखनौनं ते बघितलं, फक्त बाबांना शेवटपर्यंत ते मिळालं नाही. आणि ते माझ्यामुळे.