दादाला ओटीवर मरू दिलं नाही

मी चौथीपर्यंतच शिकलो, पण कायदा काय चीज असते ते महाडच्या औषधाच्या दुकानात कळलं.

थोरला भाऊ मुंबईला गोदीत होता. जबड्याचा कॅन्सर झाला. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा म्हणाला, "मला घरी ने रे. आपल्या ओटीवर मरायचं हाय." आणला. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. इस्पितळाने मॉर्फिनच्या थोड्या गोळ्या दिल्या होत्या. त्या घेतल्या की दादा पेज प्यायचा, आल्यागेल्याची टिंगल करायचा. भावकीतला एक म्हातारा बघायला आला तर त्याला म्हणाला, "काय रे, तिरडीचं माप घ्यायला आलास?"

गोळ्या संपल्या आणि हाच माणूस भिंतीवर डोकं आपटायला लागला.

महाडचा दुकानदार म्हणाला, "याला वेगळं लायसन लागतं. नशेच्या मालाचा नवा कायदा कडक आहे, काका. एक गोळी इकडची तिकडे झाली तर मी आत. इथे कोण ठेवणार?"

"माझा भाऊ गर्दुल्ला वाटला काय तुला?"

"कायदा गर्दुल्ल्यांसाठीच केलाय."

"मग माझ्या भावाला का लावता?"

तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "सोसायला सांगा." मी म्हटलं, "तुमची दाढ ठणकते तेव्हा तुम्हाला कोण सांगतं?" त्याने मला बाहेर काढलं. बाहेर देशी दारूचं दुकान सताड उघडं होतं. तिथे पाहिजे तेवढी घ्या!

मुंबईला त्याच इस्पितळात गेलो. तिथे म्हणाले, "पेशंटला समोर आणा, मग देऊ." ज्याला कूस बदलता येत नाही, त्याला एस.टी.त घालून आणा!

परत येऊन दादाला सांगितलं. तो म्हणाला, "चल. ओटी ऱ्हाऊ दे. मला गोळी पायजे."

नेला.

मुंबईत एका चुलत पुतण्याच्या खोलीत, गोळी घेऊन, तो झोपेतच गेला. भावकी अजून म्हणते, "भावाला परक्या जागी टाकला." म्हणू देत. तो भिंतीवर डोकं आपटत होता तेव्हा हे आपापल्या घरी कडी लावून निजले होते.

अस्थी मी एस.टी.ने आणल्या, सावित्री नदीत सोडल्या. त्यांना मात्र कुणी लायसन विचारलं नाही.