अक्काच्या सहा नळ्या

अक्का गेल्याचा फोन तिच्या मुलीनं, मनीषानं केला तेव्हा मी धुळ्यातल्या माझ्या लॅबमध्ये खिडकीशी उभा होतो. हातात अक्काच्याच रक्तातले जंतू टाकलेली काचेची नळी होती आणि ती गढूळ झाली होती. गढूळ, म्हणजे आत औषध असूनही जंतू खुशाल वाढले होते... "मामा, ऐकताय ना?" मनीषा विचारत होती. मी हो म्हणालो. आधी फोन आला की आधी नळी दिसली, हे आज दीड महिन्यानंतरही मला धड सांगता येत नाही.

अक्का माझी थोरली बहीण. आम्ही मूळचे धरणगावचे. ती जळगावला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झाली. शिकवायची मात्र घरातल्यासारखं. लहानपणी कपाशीच्या बांधावरून आलो की आईच्या सुती लुगड्याला कुसळं चिकटलेली असायची, तेच ती वर्गात सांगायची. आपल्या शरीराचे रक्षक रेणू म्हणजे कुसळं. जंतूच्या बाहेरच्या आवरणात चरबीचे रेणू असतात, त्यांच्यावर ऋण भार असतो, म्हणून धन भाराची ही कुसळं तिथं चिकटतात आणि आवरण फाडतात. पण काही जंतू त्या चरबीला वरून आणखी एक तुकडा जोडून घेतात. भार कमी होतो, कुसळ निसटतं. "लुगडं सोडं अन् रेनकोट घाली लिधा त्यानी," असं म्हणून ती स्वतःच खळखळून हसायची. जंतूचं इतकं कौतुक करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि तेव्हा मला ते आवडायचंही.

मी लॅब काढली तेव्हा तिनं सहा नळ्यांचा एक लाकडी स्टँड दिला आणि एकच ताकीद दिली. कोलिस्टिन हे औषधही त्या कुसळांसारखंच चिकटून आवरण फाडतं. बाकी काही चालेनासं झालं की डॉक्टर ते काढतात. त्याची परीक्षा डिस्कवर करायची नाही. डिस्क म्हणजे औषधात भिजवलेली कागदाची चकती. ती जंतूंच्या प्लेटवर ठेवतात आणि भोवतीचं मोकळं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. पण हे औषध प्लेटवर नीट पसरतच नाही, वर्तुळ फसवं निघतं. नळ्यांमध्ये औषध चढत्या प्रमाणात घालून बघायचं. वेळ जातो, किचकट आहे, तरी तसंच करायचं.

दोनेक महिन्यांपूर्वी अक्काला लघवीचा संसर्ग झाला आणि तो रक्तात उतरला. जळगावच्या दवाखान्यातून नमुना माझ्याकडे आला, कारण तिनंच हट्ट धरला होता की भाऊकडेच पाठवा. बाकी औषधं चालत नव्हती, कोलिस्टिनच उरलं होतं, आणि नळ्यांसाठी लागणारी त्याची पावडर संपली होती. मागवायची तर दोन दिवस. डॉक्टर घाईत होते आणि मी त्यांच्याहून जास्त. मी डिस्क ठेवली. वर्तुळ छान उठलं. मला इतका आनंद झाला की मी रिपोर्टवर ‘औषध लागू’ लिहून मोकळा झालो, आणि डॉक्टरांनी तेच सुरू केलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"नळीमा लाई देखं ना रे भाऊ?"

"हो अक्का," मी म्हणालो.

"मंग ठीक शे."

त्या ‘हो’चं काय करायचं ते मला कळत नाही. पावडर आल्यावर मी नळ्या लावल्या, तोवर तीन दिवस गेले होते. डॉक्टर नंतर म्हणाले, "सर, दुसरं औषध तरी कुठं होतं हाताशी?" हे खरं असेल. माझी समजूत घालायलाही म्हणाले असतील. कधी वाटतं, मी मारलं तिला. कधी वाटतं, त्या जंतूनं आधीच कपडे बदलले होते, माझ्या हातात काही नव्हतंच. दोन्ही एकाच दिवसात वाटतं, आणि दोन्हींचा राग येतो.

दहाव्याला मनीषानं मला एक घडी केलेला कागद दिला. आईच्या उशीखाली होता, म्हणाली. माझाच रिपोर्ट. मी त्यात वर्तुळाचं माप मिलिमीटरमध्ये लिहिलं होतं. नळीच्या परीक्षेत वर्तुळ कुठून येणार? त्या आकड्याभोवती तिनं लाल पेनानं गोल केला होता आणि बाजूला, मुलांच्या जर्नलवर लिहायची तसं लिहिलं होतं, "पुन्हा बघ."

"कधी लिहिलं हे?" मी विचारलं.

"त्या संध्याकाळी तिनं तुम्हाला फोन केला ना, त्याच्या आधी. डॉक्टरांना दाखवू का विचारलं, तर नको म्हणाली."

म्हणजे तिला ठाऊक होतं, आणि तरीही तिनं विचारलं. मला खरं बोलायला एक संधी दिली की माझं नाव राखलं? का ती नुसती दमली होती? अक्का, डॉक्टरांना का नाही सांगितलंस गं...

आता पावडर संपू देत नाही. जो नमुना येईल तो तिच्या स्टँडवर लावतो आणि सकाळी सहाही नळ्या एकेक करून खिडकीच्या उजेडात धरतो. शेवटची नळी बघून झाली की मोठ्यानं म्हणतो, "हो अक्का, नळीत बघितलं." आता ते खरं असतं.