खिळ्यावरची केळी

आमच्या हॉलमधल्या चित्रावर माझा भारी जीव. सकाळचा चहा मी त्याच्यासमोर बसूनच पिते, आणि तेव्हा कुणी मध्ये बोललं तर माझं डोकं फिरतं. केळीची बाग, लोंबणारे घड, पानांतून आलेलं पिवळं ऊन आणि पाठमोरी उभी एक बाई, एक हात कमरेवर. बस्स, एवढंच. चित्र ह्यांनी काढलंय, आमच्या लग्नाआधी, धुळ्याला शाळेत चित्रकला शिकवायला लागले तेव्हा.

आल्यागेल्या सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. केलं नाही ते फक्त आबांनी, माझ्या सासऱ्यांनी. चोपड्याकडे केळी लावण्यात त्यांचा जन्म गेला. मुलानं शेती सोडून ब्रश हातात धरला, ते त्यांना कधी पचलंच नाही. आमच्याकडे जळगावला आले की चित्राकडे पाठ करून बसायचे. हे काही बोलत नसत, पण वडिलांच्या तोंडून चित्राबद्दल एक शब्द ऐकायला हा माणूस किती वर्षं झुरतोय, ते मला ठाऊक होतं. आबांचं वय झालेलं, त्यात मोतीबिंदू. तो शब्द आता राहूनच जातो की काय, अशी मला धास्ती.

गेल्या महिन्यात त्यांचं ऑपरेशन झालं. पथ्याचे दिवस आमच्याकडेच. तो रविवार होता. कुणी यायचं नव्हतं, कुठे जायचं नव्हतं. गॅसवर भरताची वांगी भाजत होती, हे खलबत्त्यात लसूण-मिरची ठेचत होते. मी आबांच्या डोळ्यांत थेंब घालून त्यांना हॉलमध्ये बसवलं. घरात काळा चष्मा काढायची परवानगी आदल्याच दिवशी मिळाली होती. आबांनी मान वळवून चित्राकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. आतला खलबत्ता थांबला.

“बठ्ठा घड उल्टा शेतस!” आबा म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांनी तोंड उघडलं, ते हे? “काय उलटं आहे त्यात?” मी फणकारले. आबांनी शांतपणे समजावून सांगितलं, घड खाली लोंबतो, पण त्यातली केळी वर वळतात, उजेडाकडे. इथे सगळी खाली तोंड करून! अगं बाई, खरंच की. मी रोज बघते आणि मला कळलं नाही.

हे बाहेर आले. हाताला मिरची लागलेली, मान खाली. “धुळ्याच्या खोलीत बाजारातली फणी आणून खिळ्याला टांगली होती,” म्हणाले. “तिच्यावरून काढलं.”

केळीवाल्याचा मुलगा, आणि खिळ्यावरची केळी! आबा इतके हसले की मला त्यांच्या डोळ्याची काळजी वाटली. मलाही हसू आवरेना, मेलं. ह्यांचं तोंड मात्र एवढंसं झालं. झालं, म्हटलं, संपलं सगळं.

हसता हसता आबा थांबले. उठले आणि चित्राच्या अगदी जवळ गेले.

“हाई तुनी माय शे ना?”

“हां, आबा.”

मी चाटच पडले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. घरात त्यांचा साधा फोटो नाही. “अहो, मला कधी सांगितलं का नाही?” मी विचारलं.

“आबांनी ओळखावं, असं वाटायचं,” हे म्हणाले.

“कंबर दुखे तिनी,” आबा म्हणाले. “तव्हय आशीच उभी राहे.”

जेवायची वेळ झाली तरी आबा हलले नाहीत. खुर्ची चित्राकडे वळवून घेतली. “माले आठेच वाढ,” मला म्हणाले, “हिना समोर.” ह्यांनी ताट आणून ठेवलं, तसं आबांनी त्यांचं मनगट धरलं. “तू बी बस.”

दुसरं ताट वाढायला मी आत गेले. त्या डोळ्याच्या डॉक्टरांचे किती उपकार मानू, असं झालं होतं. ओट्याशी उभी राहून आधी मनसोक्त रडून घेतलं, मग भरीत वाढलं.