कानातला कापूस

जवळा बाजार गावातल्या पत्र्याच्या शेडमध्ये महेबूब पिंजारी गाद्या भरतो. कापूस पिंजायचं मशीन मधोमध. त्याच्या तोंडाशी बायको जैनबबी बसते आणि कापूस आत सारते. लग्न झाल्यापासून दोघांचं हेच. कापूस भुवयांवर, दाढीत, चहाच्या कपातसुद्धा. म्हणून ऐकू कमी यायला लागलं, तेव्हा महेबूबला नवल वाटलं नाही. पिंजाऱ्याच्या कानात कापूस बसणारच. बापाच्याही बसला होता.

आठवडी बाजारात तो कान कोरणाऱ्यापुढे मान कलती करून बसायचा. सळईला दर वेळी चिमूटभर कापूस लागायचा. मग पुढचे काही दिवस तो सांगत फिरायचा, आता बराबर येतं.

एका दुपारी जैनबबीच्या ओढणीचं टोक मशीनच्या पट्ट्यात गेलं. ती ओरडली. महेबूब पाठमोरा बसून जुन्या गादीची शिवण उसवत होता. त्यानं वळूनही पाहिलं नाही. ओढणी गळ्यातून निसटली म्हणून ती वाचली.

"मी मेले असते तरी तुमी टाकेच काढत बसला असता," ती म्हणाली. "कान दाखवल्याबिगर मी मशीनला हात लावत न्हाई."

हिंगोलीच्या कानाच्या डॉक्टरांना आत काहीच अडकलेलं दिसलं नाही. त्यांनी शेजारी श्रवणतज्ज्ञ संध्या मॅडमकडे पाठवलं. मॅडमनी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की बटण दाबायचं. दार बंद झालं. इतक्या शांततेतही कानात मशीन चालूच होतं. बटण त्यानं फार वेळा दाबलं नाही.

"चाचा, आवाजानं कानातल्या बारीक पेशी मेल्यात. त्या परत येत नाहीत. कानाच्या मशीननं बोलणं मात्र कळेल."

"मग तो कान कोरणारा कापूस कुठून काढायचा?"

"कानाच्या पाळीवरून. आत्ताही आहे."

काही दिवसांनी महेबूबच्या कानात मशीन बसलं. मॅडमचा आवाज मऊ निघाला. मग जैनबबीनं विचारलं, "येतं का?"

महेबूब दचकला. रस्त्यापलीकडून हाक मारावी तसा आवाज.

"काहून ओरडून राहिलीस?"

"ओरडते कुठं? रोजच्यासारखंच बोलले."

मॅडमनी ओठ दिसू नयेत असा आपल्या तोंडासमोर कागद धरला आणि साध्या आवाजात विचारलं, "चाची, माहेर कुठलं तुमचं?"

जैनबबी कागदाकडे बघत राहिली. महेबूबनं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग उठून त्यानं काचेच्या खोलीचं दार उघडून धरलं.

"माझ्या कानात नुसता कापूस असंल," आत बसताना ती म्हणाली. सगळ्या दवाखान्याला ऐकू गेलं.

महेबूबनं दार हळूच लावलं.